पायवाटेची वहिवाट

मुंबईच्या माणसाला रविवारी गर्दीपासून सुटका हवी असते आणि ती मिळवायला तो गर्दी करूनच निघतो. जुलै महिन्यातल्या कुठल्याही रविवारी सकाळी द्रुतगती मार्गावर खालापूरच्या टोलनाक्याअलीकडे पाहावं. गाड्यांच्या काचांतून पोरांची कंटाळलेली तोंडं दिसतात, आई वेफर्सची पाकिटं फोडत असते आणि बाबा पुढच्या गाडीच्या लाल दिव्यांकडे बघत पावसाळ्याचा आनंद घेत असतात. लोणावळ्याला पोचेपर्यंत बारा वाजतात. भुशी धरणाच्या पायऱ्यांवर टेकायला जागा नसते, माथेरानच्या दस्तुरी नाक्यावर गाडी लावायला जागा नसते आणि कर्जतकडच्या नावाजलेल्या धबधब्यांवर बहुधा मनाई हुकूम असतो. संध्याकाळी तीच रांग उलट्या दिशेनं. सोमवारी ऑफिसात कुणी विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं, "निसर्ग छान होता हो, पण गर्दी फार!"

या गर्दीचं एक वैशिष्ट्य आहे. ती पसरत नाही. नाव झालेल्या पाच-दहा ठिकाणी ती साचून राहते आणि तिथून कोसभर बाजूला चिटपाखरू नसतं. कर्जतच्या अलीकडचं भिवपुरी रोड स्टेशन घ्या. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून लोकलने साधारण दोन तास. पावसाळ्यात इथल्या धबधब्यापाशीही झुंबड असते. पण पाऊस सरल्यावर, नोव्हेंबर-डिसेंबरात, सकाळच्या लोकलने उतरावं आणि डिक्सळ गावातून माथेरानच्या डोंगराकडे चालू लागावं. काही वेळातच गाडीचा भोंगा ऐकू येईनासा होतो. पाली-भूतिवलीच्या धरणाचं पाणी लागतं. मग चढावर सागाची वाडी नावाची आदिवासी वस्ती, आणि तिथून वर गार्बेटचं पठार. गवत सोनेरी झालेलं, एका अंगाला माथेरानचा काळा कडा, खाली धरणाचं निळं पाणी आणि त्याच्या पलीकडे दुपारच्या धुरकट उजेडात रेल्वेचा रूळ. पठारावरून पुढे गार्बेट पॉइंटमार्गे माथेरानात शिरता येतं आणि संध्याकाळी नेरळला उतरून लोकल पकडता येते. रमतगमत चाललं तर पूर्ण दिवसाची चाल.

या वाटेवर सहलीची माणसं क्वचित भेटतात. पण वाट सुनी नसते. लाकडाची मोळी डोक्यावर घेतलेली बाई भेटते. गुरं घेऊन चाललेला पोरगा भेटतो. रविवार असूनही कामावर निघालेला, चपला हातात घेऊन झपाझप चढणारा तरुण भेटतो. आपण धापा टाकत दगडावर बसलेले असतो आणि तो जाता जाता विचारतो, "काय काका, दमला का?" त्याच्या लेखी हा ट्रेक नसतो. ती त्याची रोजची ये-जा असते. आणि शहराजवळच्या शांत वाटांविषयी मला जे सांगायचं आहे ते इथूनच सुरू होतं.

वाट आधी, शोध नंतर

माथेरानचा 'शोध' १८५० साली लागला असं आपण शाळेत शिकलो. ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट त्या वर्षीच्या मे महिन्यात चौक गावाकडून डोंगर चढून गेला आणि वरची हवा त्याला आवडली. पुढे तिथे बंगले उठले आणि १९०७ साली नेरळहून झुकझुक गाडी वर गेली. हे सगळं खरं. पण मॅलेटसाहेब चढला तो काही पाखरासारखा उडून नव्हे. डोंगरावर आणि डोंगराच्या कुशीत धनगर, ठाकर आणि कातकरी राहत होते. त्यांच्या पायांनी पडलेली वाट होती म्हणून साहेबाला शोध लावता आला.

त्या वाटा आजही आहेत. माथेरानच्या डोंगराला सगळ्या बाजूंनी वाड्या बिलगून बसल्या आहेत. पनवेलच्या अंगाने धोधाणीहून सनसेट पॉइंटवर वाट चढते, चौकच्या अंगाने वन ट्री हिल आणि रामबाग पॉइंटकडे वाटा येतात, भिवपुरीच्या अंगाने गार्बेटची. या वाटांवरून वर्षानुवर्षं दूध, भाजीपाला, जांभळं-करवंदं आणि कामावर जाणारी माणसं वर चढत आली. माथेरानच्या हॉटेलात सकाळचा चहा पिताना त्यातलं दूध कुठून आलं हे आपण विचारत नाही. ते बऱ्याचदा कुणाच्या तरी डोक्यावरून किंवा खांद्यावरून, पहाटेच्या अंधारात कडा चढून आलेलं असायचं.

मग या वाटा इतक्या शांत कशा राहिल्या? याचं कारण जुनं आहे. कोकणातून घाटावर जायला सह्याद्रीत पूर्वी अशा कितीतरी वाटा होत्या. कल्याण आणि सोपारा ही प्राचीन बंदरं. तिथे उतरलेला माल बैलांच्या आणि माणसांच्या पाठीवर लादून देशावर जाई. जुन्नरकडे जाणाऱ्या नाणेघाटात सातवाहन राणी नागनिकेचा दोन हजार वर्षांपूर्वीचा शिलालेख आहे आणि घाटाच्या माथ्यावर दगडी रांजण आहे. त्यात जकातीची नाणी टाकली जात, असं परंपरा सांगते. म्हणजे आज आपण पाठीला पिशवी लावून हौसेनं चढतो ती एके काळी गजबजलेली पेठेची वाट होती. कर्जतजवळ कोंढाण्याची बौद्ध लेणी आहेत. ती आडरानात का कोरली असा प्रश्न पडतो. ती आडरानात कोरली नव्हती. कोकणातून वर चढणाऱ्या वाटेच्या काठावर ती कोरली होती. वाट ओसरली आणि लेणी आडरानात राहिली.

१८३० साली गव्हर्नर माल्कमच्या कारकिर्दीत बोरघाटातून गाडीरस्ता झाला. १८६३ साली त्याच घाटातून रेल्वे वर चढली. २००२ साली द्रुतगती मार्ग पुरा झाला, तोही त्याच बाजूने. पावणेदोनशे वर्षांत सगळी वाहतूक एका घाटाने ओढून घेतली आणि आजूबाजूच्या वाटा ज्यांना दुसरा रस्ता नव्हता त्यांच्यापुरत्या उरल्या. आपल्याला रविवारी जी शांतता मिळते ती अशी मागे राहिलेली आहे.

राजमाचीचंच पाहा. श्रीवर्धन आणि मनरंजन हे जोडकिल्ले आणि त्यांच्या पायाशी उधेवाडी. लोणावळ्याहून तुंगार्लीमार्गे गेलं तर पंधरा-सोळा किलोमीटरची लांबलचक पण सोपी वाट. कर्जतहून गेलं तर कोंदिवड्याला उतरून कोंढाणे लेण्यांवरून छातीवरचा चढ. गो. नी. दांडेकरांची 'माचीवरला बुधा' ही कादंबरी याच परिसरातली. ती वाचून एका पिढीनं राजमाचीची वाट धरली. अलीकडे मे-जूनमध्ये काजवे पाहायला लोणावळ्याच्या बाजूने इतक्या गाड्या जातात की काजव्यांपेक्षा दिवे जास्त दिसतात. कर्जतच्या बाजूची चढण मात्र पावसाळा सोडला तर अजून बरीच मोकळी असते. तिथे सकाळी सातला निघावं, लेण्यांपाशी थांबून दगडात कोरलेल्या लाकडी घाटणीच्या कमानी पाहाव्यात, आणि मग सावली असेपर्यंत चढ संपवावा.

नकाशावरची तुटक रेषा

या वाटांशी माझी ओळख हौसेनं झाली नाही. नोकरीतली काही वर्षं मी कर्जत तालुक्यातल्या एका शाखेत काढली. तेव्हा एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाची कर्जं जोरात होती. म्हैस, शेळ्या, शिलाई यंत्र. कर्ज दिलं की तपासणी करावी लागे. म्हैस जागेवर आहे का, तिच्या कानात विमा कंपनीचा बिल्ला आहे का, दूध देते का. म्हैस काही शाखेत येत नाही. तेव्हा साहेबांनाच म्हशीकडे जावं लागे. डांबरी रस्ता संपला की जीप थांबायची आणि पुढे तासभर, कधी दोन तास चाल. हातात फायलींची पिशवी, पायात ऑफिसचे बूट. सोबत येणारा कर्जदाराचा म्हातारा बाप अनवाणी, आणि तोच पुढे.

एकदा अशाच एका चढावर मी त्या म्हाताऱ्याला विचारलं, "बाबा, ही वाट कधीची?"

तो थांबला नाही. पुढे चालता चालता म्हणाला, "सायेब, वाट काय कोनी पाडते का? चालली मानसं, पडली वाट. नाय चालली, तर दोन पावसात मोडल."

शाखेत परत आल्यावर ही वाट कागदावर कुठे आहे ते मी पाहिलं. शेतजमीन तारण घ्यायची तर सातबारा, आठ-अ आणि गावनकाशा डोळ्यांखालून घालावा लागतो. गावनकाशा ही मोठी वाचनीय वस्तू आहे. आम्ही कथा-कादंबऱ्यांत गाव उभं करायला पानंच्या पानं खर्ची घालतो. इथे एका कागदावर ओढा, विहीर, देऊळ, मसणवट, गावठाण आणि गट क्रमांक असं अख्खं गाव उताणं पडलेलं असतं. त्यात गाडीमार्ग दोन तुटक रेषांनी दाखवतात आणि पायमार्ग एका तुटक रेषेनं. मोजणी खात्याच्या हिशेबात पायमार्गाची रुंदी सव्वाआठ फूट धरलेली असते. प्रत्यक्षात दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला कडेला सरावं लागतं, पण कागदावर त्या वाटेला सव्वाआठ फुटांचा मान आहे.

सगळ्याच वाटांना मात्र तेवढंही भाग्य नसतं. कितीतरी वाटा खाजगी जमिनींच्या बांधावरून किंवा वनखात्याच्या हद्दीतून जातात आणि कुठल्याच कागदावर नसतात. त्या फक्त वहिवाटीनं आहेत. म्हणजे माणसं चालतात म्हणून आहेत.

ज्यांना दुसरा रस्ता नाही

इथे शहरातल्या चालणाऱ्यानं थोडं थांबून विचार करावा असा एक प्रसंग घडून गेला आहे. कर्जत-पनवेल रस्त्यावर चौकच्या जवळ इर्शाळगडाचा सुळका दिसतो. वर नेढं आहे, त्यामुळे दुरूनही ओळखू येतो. मुंबई-पुण्याच्या गिर्यारोहकांचा हा लाडका किल्ला. पायथ्याहून चढत गेलं की अर्ध्यावर इर्शाळवाडी लागायची. ठाकर समाजाची, सुमारे सव्वादोनशे वस्तीची वाडी. गडावर जाणारी पोरं तिथे पाणी मागत, कुणी झुणका-भाकरी सांगून पुढे जात. वाडीला गाडीरस्ता नव्हता. आपण ज्याला ट्रेकचा पहिला टप्पा म्हणायचो तोच त्यांचा बाजाराचा, दवाखान्याचा आणि शाळेचा एकुलता एक रस्ता होता.

१९ जुलै २०२३ च्या रात्री मुसळधार पावसात वरचा डोंगर वाडीवर कोसळला. २७ मृतदेह सापडले. ५७ माणसं सापडलीच नाहीत. मदतीला निघालेली पथकं त्याच चिखलाच्या पायवाटेनं अंधारात वर चढली. चढताना अग्निशमन दलातल्या एका अधिकाऱ्याचा हृदयविकारानं मृत्यू झाला. यंत्रं वर नेता येईनात आणि हवेमुळे हेलिकॉप्टर उतरेना. कुदळ-फावड्यांनी आणि हातांनी माती उपसावी लागली.

डोंगर रस्ता नसल्यामुळे कोसळला असं कुणी म्हणणार नाही. पण मदत पायी चढत होती हेही कुणी नाकारणार नाही. आणि दरड हा तर क्वचितचा प्रसंग. साप चावलेलं पोर किंवा अडलेली बाई झोळीत घालून चौघांनी खांद्यावरून खाली आणायची, हे डोंगरातल्या वाड्यांत नित्याचं आहे. अशी एक झोळी मी स्वतः वाटेवर पाहिली आहे. मी फायलींची पिशवी छातीशी धरून कडेला झालो होतो आणि ती माणसं एक शब्द न बोलता जवळजवळ धावत उतरत होती.

म्हणून 'या वाटा अशाच राहू द्या, इथे रस्ते नकोत' असं म्हणताना माझी जीभ अडखळते. आपली शांतता ही त्यांची गैरसोय आहे. सहा दिवस मोटारीतून फिरून सातव्या दिवशी दुसऱ्यानं मात्र पायीच चालावं असा आग्रह धरणं शहाण्या माणसाला शोभत नाही. वाडीला रस्ता मिळायला हवा. त्याची सोय कायद्यातही आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार गावाच्या रस्त्यासाठी वनजमीन देता येते. एका कामाला लागणारी जागा एक हेक्टरपेक्षा कमी हवी, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं पडता कामा नयेत आणि ग्रामसभेची शिफारस हवी. रुग्णवाहिका जाईल एवढा रस्ता करायला याहून जास्त काही लागत नाही. रस्ता झाल्यावरही पायवाट राहू शकते. गुरं, मोळीवाले आणि शेजारच्या वाडीला जाणारी माणसं तिच्यावरून चालतच राहतात, कारण पायवाट नेहमी जवळची असते.

पायवाटेला खरा धोका रस्त्यापासून नाही. तो तारेच्या कुंपणापासून आहे.

कुंपण आणि कायदा

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत कर्जत, खालापूर, मुरबाड या तालुक्यांत जमिनींना जे भाव आले ते बँकेत बसून आम्ही पाहत होतो. 'डोंगराच्या कुशीत, नदीच्या काठी, शहरापासून नव्वद मिनिटांवर' अशा जाहिराती येत. भातखाचरं विकली जात, प्लॉट पडत, फाटक बसे, पहारेकरी उभा राही. आता नवी मुंबईच्या विमानतळाचं २०२५ च्या ऑक्टोबरात उद्घाटन झालं आहे, तेव्हा हा ओघ कमी होण्याची चिन्हं नाहीत. जमीन विकत घेणाऱ्यानं कुंपण घालावं यात गैर काही नाही. पण त्या जमिनीतून शंभर वर्षं जाणारी वाट खरेदीखतात लिहिलेली नसते. नवा मालक शहरातला असतो. त्याला कुणी सांगितलेलं नसतं. एके दिवशी तार ओढली जाते, आणि पलीकडच्या वाडीतली बाई पाण्याला किंवा बाजाराला निघते तेव्हा तिला मैलभर वळसा पडतो. ती भांडायला जात नाही. पहारेकरी बहुधा तिच्याच वाडीतला असतो.

आपल्याकडे याला इलाज नाही असं नाही. ज्यांनी कर्जाची कागदपत्रं हाताळली आहेत त्यांना हे कायदे तोंडपाठ असतात, बाकीच्यांना ते माहीत असायला हवेत. भारतीय सुविधाधिकार अधिनियम १८८२ सालचा. एखाद्या वाटेवरून वीस वर्षं उघडपणे, हक्कानं आणि खंड न पडता ये-जा चालू असेल तर वहिवाटीचा हक्क सांगता येतो. मामलतदार न्यायालय अधिनियम १९०६ सालचा. त्याच्या पाचव्या कलमानुसार चालू वहिवाटीच्या रस्त्यात अडथळा केला तर तहसीलदार तो दूर करायला लावू शकतो. अट एवढीच की अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांत दाद मागितली पाहिजे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं, म्हणजे १९६६ च्या कायद्याचं कलम १४३ आहे. त्याखाली शेतकऱ्याला दुसऱ्याच्या बांधावरून आपल्या शेतात जाण्याचा रस्ता मागता येतो. आणि २०२५ साली राज्य सरकारनं शेतरस्त्यांची नोंद सातबाऱ्यावर 'इतर हक्क' या रकान्यात घेण्याचा निर्णय केला. ही शेवटची गोष्ट मला फार मोलाची वाटते. बँकेचा अधिकारी सातबारा वाचताना 'इतर हक्क' हा रकाना सगळ्यात आधी पाहतो, कारण जमिनीवर कुणाकुणाचा भार आहे ते तिथे कळतं. जमिनीवर सोसायटीचं कर्ज जसं लिहिलेलं असतं, तसा एखाद्या वाडीचा चालण्याचा हक्कही लिहिलेला असला, तर विकत घेणारा डोळे उघडे ठेवून घेईल.

सहा महिन्यांची मुदत मात्र वाडीतल्या माणसाला बहुधा ठाऊक नसते. त्याच्या हातात नकाशाची नक्कल नसते आणि तालुक्याला हेलपाटे घालायला रोज बुडवावा लागतो. अशा वेळी त्या वाटेवरून नेमानं जाणारा शहरातला शिकलेला माणूस उपयोगी पडू शकतो. गावनकाशाची नक्कल काढून देणं, अर्ज लिहून देणं, वाटेचे दिनांकासह फोटो ठेवणं, ही कामं आपल्याला जमण्यासारखी आहेत. तक्रार त्यांची असावी, अर्जावर सही त्यांची असावी. आपण लेखनिक व्हावं.

इंग्लंडमध्ये हा झगडा शंभर वर्षांपूर्वीच पेटला होता. मँचेस्टरसारख्या कारखान्यांच्या शहराजवळचं किंडर स्काउटचं पठार जमीनदारांनी शिकारीसाठी बंद ठेवलं होतं. १९३२ साली कामगार तरुण मनाई मोडून त्यावर चढले आणि काहींना तुरुंगात जावं लागलं. पुढे १९४९ साली कायदा झाला आणि स्थानिक कौन्सिलांवर पायवाटांचे अधिकृत नकाशे करण्याची जबाबदारी आली. नकाशावर वाट एकदा चढली की शेताचा मालक बदलला तरी वाट उघडीच राहते. तिथे लढा शहरातल्या चालणाऱ्यांनी दिला. आपल्याकडे वाट राखली ती डोंगरातल्या माणसांनी, कुणालाही न सांगता, रोज चालून. तेव्हा आपलं काम त्या मानानं सोपं आहे. आहे ते कागदावर आणायचं आहे.

जाताना

आता पुष्कळांना प्रश्न पडेल, की आम्ही पोरंबाळं घेऊन जायचं कुठे आणि कसं? भिवपुरी रोडहून धरणाच्या पाण्यापर्यंत जाऊन परत येणं ही सात-आठ वर्षांच्या मुलाला आणि त्याच्या आजोबांनाही झेपणारी चाल आहे. पठारापर्यंतचा चढ सवय असलेल्यांनी करावा. कोंढाणे लेणी पाहून परतणं हा अर्ध्या दिवसाचा चांगला बेत आहे. पश्चिम रेल्वेवरच्या मंडळींनी सफाळ्याला उतरून तांदूळवाडीचा किल्ला गाठावा, वरून वैतरणेची वळणं दिसतात. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हे दिवस उत्तम. मार्चपासून ऊन तापतं, पण मे महिन्यात वाटेवर करवंदं असतात आणि पानाच्या द्रोणात ती विकणाऱ्या पोरी असतात. कारवी साधारण सात वर्षांनी एकदा फुलते आणि तेव्हा डोंगराचे उतार जांभळे होतात. आपण फुलं पाहून येतो. वाडीतल्या माणसाच्या घराच्या कुडाला त्याच कारवीच्या काठ्या असतात, हेही त्या वेळी मुलांना दाखवावं.

पावसाळ्यात ओढ्याच्या वाटेला जाऊ नये. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणाच्या वरच्या बाजूला एकाच कुटुंबातली पाच माणसं भरल्या दिवसा वाहून गेली. ओढ्याचं पाणी डोक्यावरच्या पावसानं वाढत नाही. ते वर, आपल्याला न दिसणाऱ्या डोंगरावर पडलेल्या पावसानं वाढतं. वाडीतल्या माणसानं 'आज पलीकडे जाऊ नका' असं सांगितलं तर तो शब्द अखेरचा मानावा. माणशी तीन लिटर पाणी घ्यावं, घरी कुठे जातो ते सांगून जावं, आणि तीनच्या सुमाराला जिथे असाल तिथून उतरायला लागावं. डोंगरात अंधार लवकर पडतो.

बाकी रीत साधी आहे. कुणाच्या अंगणातून वाट जात असेल तर आवाज देऊन, विचारून जावं. 'मावशी, जाऊ का इथून?' एवढं पुरतं. भातखाचरात पीक उभं असेल तर बांधावरूनच चालावं. कवाडी ज्या स्थितीत मिळाली तशीच मागे लावावी, नाहीतर गुरं आत शिरतात. डबा घरून नेला तरी एक वेळचा चहा किंवा भाकरी वाडीत सांगावी आणि शहरात मोजतो तसे पैसे मोजावेत. वाट नीट माहीत नसेल तर वाडीतला माणूस सोबत घ्यावा आणि त्याला दिवसाचा पुरा रोज द्यावा. 'पोरगं वाट दाखवेल हो' म्हणून दहा रुपयांत काम भागवू नये. त्या पोराची ती शाळेची सुट्टी असते.

आणि एक गोष्ट चालता चालता करावी. वाटेत कुणी भेटलं की विचारावं, ही वाट पुढे कुठल्या गावाला जाते, पूर्वी कोण जायचं, आता कोण जातं. अशानं वाटेचं नाव कळतं, जुना घाट कळतो, आणि नवं कुंपण कुठे पडलं आहे तेही कळतं. घरी आल्यावर ते वहीत लिहून ठेवावं. तारीख घालावी. पुढेमागे तहसीलदारासमोर 'ही वाट चालू होती का?' असा प्रश्न निघाला, तर वाडीतल्या माणसांच्या साक्षीला तुमच्या वहीतलं एक पान जोडता येईल.